उलट्या बाकावरची खिडकी

३ फेब्रुवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

आधी फोन करून पाहिला. तुमच्या कारखान्यातली शिलाई मशिनं अशी धडधडत होती की मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं नाही. तेव्हा नेहमीप्रमाणे पत्र. तुमचा मुलगा आणि माझी मुलगी यांच्या लग्नाला सहा वर्षं झाली. तेवढ्या काळात आपण फोनवर एकही वाक्य पुरं केलेलं नाही, आणि एका अर्थी ते बरंच झालं.

मुलांनी आपल्या दोघींना जहाजाची सफर भेट दिली आहे, तिची तिकिटं तुमच्याकडेही पोचली असतील. आठवडाभर समुद्रावर, एकाच खोलीत. ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली हे विचारायचं मी टाळलं. असो. चौथ्या दिवशी जहाज सकाळी एका बंदराला लागतं आणि संध्याकाळी सुटतं. त्या दिवसासाठी प्रत्येक प्रवाशाने एक सहल निवडून कंपनीला कळवायची आहे, ज्याची त्याने, १० मार्चच्या आत. मी माहितीपुस्तक दोनदा वाचलं. विचार करण्यासारख्या सहली दोनच. एक, डोंगरावर जाणारी छोटी आगगाडी. दुसरी, बसने काचेचा कारखाना.

माझं मत काचेच्या कारखान्याला. बसमधल्या सगळ्या जागांची तोंडं पुढे असतात, वाटेत स्वच्छतागृह आहे आणि बस दुपारीच परत येते. आगगाडी परतते तेव्हा जहाज सुटायला जेमतेम वेळ उरतो, आणि जहाज कुणाच्या बापासाठी थांबत नाही असं पुस्तकात सभ्य शब्दांत छापलं आहे. एका खोलीत राहणाऱ्या दोघींपैकी एकीने डोंगरात आणि एकीने कारखान्यात जाणं काही बरं दिसणार नाही. तरी तुमचा होकार कळवावा.

तुमची विहीण,
मुलीची आई


९ फेब्रुवारी

मेट्रनबाई, नमस्कार.

इस्पितळातून निवृत्त झालात तरी तुमची राउंड काही सुटत नाही. जगातली माणसं ‘मत कळवावं’ असं लिहितात, तुम्ही ‘होकार कळवावा’ लिहिता. तुमच्या वॉर्डातले पेशंट इतके झटपट बरे कसे व्हायचे ते आत्ता कळलं. घरी जायची ओढ.

तर माझा नकार. मला आगगाडी हवी.

कारण सांगते, थट्टा करू नका. मी जन्मभर लोकांच्या खिडक्यांना पडदे शिवले. कुणाच्या खिडकीतून डोंगर दिसतो, कुणाच्या खिडकीतून तळं. मला दिसते ती चौकट. तोंडात खडू, हातात टेप, आणि जरा बाहेर बघत उभी राहिले की गिऱ्हाईक लगेच विचारतं, ‘काही चुकलं का?’ आणि काम पुरं होतं तेव्हा तो देखावा मीच झाकून येते. एकदा मला अशा खिडकीशी बसायचंय, जिचं माप कुणी विचारणार नाही. काचेच्या कारखान्यात मी काय बघू? काचेला पडदा केवढा लागेल, हेच ना?

शिवाय तुमच्याकडे माझी एक बाकी आहे. लग्नात कोणी कुठे बसायचं ते तुम्ही ठरवलंत आणि मुलाच्या आईला नेमकं खांबामागे बसवलंत. फोटोत मी अर्धीच आहे. ही आगगाडी म्हणजे त्या खांबाची भरपाई समजा.

रविवारी मुलगा जेवायला आला होता. एकटाच. सुनेला काम आहे म्हणाला. दोन घास खाऊन उठला, आणि माझ्या पानावरून असं कुणी उठत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमची लेक बरी आहे ना?

तुमची विहीण,
मुलाची आई (अर्धी)


१६ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

खांबाचं प्रकरण सहा वर्षांनी पुन्हा उकरून काढलंत. त्या दिवशी तुम्ही सारख्या शिंकत होतात आणि खांबाच्या अलीकडे दारातून थेट वारा येत होता. आजारी माणसाला वाऱ्यात बसवायचं नसतं. फोटोत अर्ध्या आलात त्याचं दुःख करता, न्यूमोनिया होऊन पुऱ्याच गेला असतात त्याचं काय?

आता आगगाडी. मी अधिक चौकशी केली. त्या गाडीतली बाकं समोरासमोर आहेत. म्हणजे एकीला गाडी जाते त्याच्या उलट तोंड करून बसावं लागणार. मला ते जमत नाही, पोटात ढवळतं. एकाच बाकावर शेजारी बसावं, तर आपण दोघी त्यावर मावू असं मला वाटत नाही. कुणामुळे ते मी लिहीत नाही.

मुलगी बरी आहे. सध्या माझ्याकडेच आहे. त्यांच्या घराला रंग देताहेत आणि त्या वासाने तिचं डोकं दुखतं, म्हणून आली. काळजीचं काही कारण नाही.

तुमची विहीण


२१ फेब्रुवारी

मेट्रनबाई,

कुणामुळे ते तुम्ही लिहीत नाही, मग मीच लिहिते. माझ्यामुळे. खाऊन-पिऊन कमावलंय, चोरलेलं नाही.

उलट्या बाकावर मी बसेन. झालं समाधान? आमच्याकडे येणारं एक गिऱ्हाईक त्या गाडीनं जाऊन आलंय. ते म्हणालं, गाडी वरती वळत नाही, नुसतं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात. म्हणजे जाताना मी उलटी, येताना तुम्ही. येताना खुशाल डोळे मिटून बसा, बाहेर काय दिसतंय ते मी सांगत राहीन. तुम्हाला कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही, त्या निमित्तानं होईल.

रंग कुठला देताहेत हो? विचारते अशासाठी, की त्या घरातला पडदा न् पडदा मी शिवलेला आहे. रंगारी यायच्या आधी पडदे उतरवतात आणि उतरवले की ते धुवायला माझ्याकडेच येतात. अजून एकही आला नाही. रंगाऱ्यांनी पडद्यांसकट भिंती रंगवल्या असतील तर मला जाऊन त्यांची शाळा घ्यायला हवी.

तुमची विहीण


२८ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

रंग फिका निळा. पडद्यांचं मला माहीत नाही. मुलं हल्ली आपल्याला विचारून काही करत नाहीत.

मला वाटतं, आपण ही सफरच पुढे ढकलावी. मुलांना सध्या काम फार आहे. तुमच्याही कारखान्यात घाई असेल. आठवडाभर दुसऱ्या माणसाबरोबर एका खोलीत राहायचं तर मन ताळ्यावर हवं, आणि माझं अलीकडे नसतं. वयामुळे असेल. काय ते कळवा.

तुमची विहीण


४ मार्च

मेट्रनबाई,

तुमच्या पत्रात एकही टोमणा नव्हता. मी ते पालथं करून मागच्या बाजूलाही पाहिलं. ताप वगैरे नाही ना?

सफर पुढे ढकलायची नाही. ती पुढे ढकलली म्हणून आपलं वय मागे येणार आहे का? शिवाय कारखान्यातल्या बायकांना मी सांगून बसलेय. आता गेले नाही तर वर्षभर मशिनवर बसून माझंच कापड फाडतील. मन ताळ्यावर नसेल तर तसंच घेऊन या, मी माझं कुठे इस्त्री करून आणणार आहे?

फिका निळा म्हणालात. त्यावर जुने मातकट पडदे मेल्यासारखे दिसतील. एक कापड बाजूला काढलंय, सवडीनं शिवायला घेते. सहलीचं आता भांडत बसू नका. जे होईल ते तुमच्या मनासारखंच होईल, निश्चिंत असा.

तुमची विहीण


१७ मार्च

विहीणबाई,

आज कंपनीचा पास आला. आगगाडीचा. होय, मीच तसं कळवलं होतं. जहाजावर गेल्यावर तो पास तुमच्यासमोर ठेवावा आणि तुमचं तोंड एकदाचं बंद व्हावं, असा माझा बेत होता. खात्री असावी म्हणून कंपनीला फोन केला आणि तुमचाही पास आगगाडीचाच ना, असं विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, ‘नाही, त्या बाईंनी काचेचा कारखाना घेतलाय.’

हे काय करून बसलात?

विहीण


२२ मार्च

मेट्रनबाई,

मी काय करून बसले म्हणता, आणि तुम्ही काय केलंत? दोघी शहाण्या एकमेकींचा मान राखायला गेलो. आता तुम्ही माझ्या डोंगरावर आणि मी तुमच्या कारखान्यात. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की मशिनं थांबली. मग एकटी बसून जरा रडले. का ते सांगते.

घराला रंग नाही आणि काही नाही, हे मला केव्हाच कळलं होतं. तुमची लेक घर सोडून तुमच्याकडे आलीय. मुलानं सगळं सांगितलं. मोठं भांडण नाही, कुणी तिसरं माणूस नाही, दोघं एकमेकांशी बोलायचीच थांबली. त्यात माझ्या मुलाचा वाटा मोठा. मनात काय आहे ते तो सांगतच नाही, अगदी त्याच्या बापासारखा. मला तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. म्हटलं, पोरगी अशी माहेरी आलीय, निदान तिच्या आईला तरी सरळ तोंडाच्या जागेवर बसू दे.

आणि आणखी एक गोष्ट मला खाते. ती दोघं वेगळी झाली तर आपण एकमेकींच्या कोण? विहीण हे नातं काही आपलं नव्हे, त्या दोघांच्या जिवावर आलेलं. ते सुटलं की मी तुम्हाला कुठल्या तोंडानं पत्र लिहू? या वयात मनासारखं भांडायला माणूस मिळत नाही हो. ते गेलं तर मला फार एकटं वाटेल.

पडदे मात्र शिवून झालेत. रंग खोटा आहे हे ठाऊक असूनही शिवले. हातांना काहीतरी काम हवं होतं.

मुलाची आई


२७ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

दोष वाटायचाच असेल तर निम्मा इकडे पाठवा. माझी मुलगी विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारलं तर चिडते. हे तिने कुणाकडून घेतलं ते तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. तिने घर सोडलं, म्हणून मला तुमच्यापुढे अपराध्यासारखं वाटत होतं. म्हटलं, निदान त्या बाईला तिची खिडकी तरी मिळो.

खोटं लिहिलं त्याची लाज वाटते. मला ते नीट जमलंही नाही. रंग कुठला म्हणून तुम्ही विचारलंत, मी मान वर केली आणि समोर दिसली ती भिंत लिहिली. फिक्या निळ्या भिंती माझ्याच घरात आहेत, मुलगी निजते त्या खोलीत.

आपण एकमेकींच्या कोण, हा प्रश्न मलाही पडतो. पण अजून सगळं संपलेलं नाही. आपण समुद्रावर असताना ती दोघं एकत्र बसून नीट बोलणार आहेत आणि काय ते ठरवणार आहेत. आपल्याला आठवडाभर एका खोलीत का कोंडलं, ते मला आत्ता समजलं. आपण मध्ये पडायला नको म्हणून. वाट पाहू.

आगगाडी भरली होती. मी कंपनीच्या कार्यालयात जाऊन बसले. ‘जागा नाही’ हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं आणि दर वेळी वॉर्डात आणखी एक खाट घातली. तुमचा पास सोबत पाठवत आहे. समोरासमोरच्या जागा आहेत. उलटं कोण बसणार हे तुम्ही लिहून दिलेलं आहे आणि ते पत्र मी जपून ठेवलं आहे.

मुलीची आई


१२ मे

काय म्हणून हाक मारावी ते कळेना, म्हणून मायना कोरा ठेवला आहे.

परत येऊन आठवडा झाला, तुमचं पत्र नाही. धक्क्यावर उतरताना तुम्ही हात हलवलात तो असा, की पुन्हा भेटायचं नाही असं मला वाटून गेलं. मुलांचं ठरलं. वेगळं व्हायचं. तुमच्या भाषेत, ज्यांच्या जिवावर नातं आलं त्यांनी ते परत घेतलं. तरी मी लिहिते आहे. तुम्हाला वाचायचं नसेल तर मशिनच्या आवाजात ऐकू आलं नाही असं समजा.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. आगगाडीच्या दिवशी मुलांचं हे मी तुम्हाला रात्री जेवणाच्या टेबलावर सांगितलं, पण मुलीचा निरोप सकाळीच आला होता, गाडीत चढायच्या आधी. तुमची आगगाडी नासायला नको म्हणून मी दिवसभर गप्प राहिले. आणि एवढं सगळं करून तुम्ही काय केलंत? पहिला बोगदा संपतो न संपतो तोच डोळे मिटलेत आणि चक्क घोरायला लागलात. ज्या खिडकीसाठी माझ्याशी महिनाभर भांडलात, तिला डोकं टेकून. मी उठवलं नाही. झोपलेल्या माणसाला विनाकारण उठवायचं नाही, ही जुनी सवय.

तेव्हा तुमचं काय हुकलं ते मुद्दाम लिहिते, म्हणजे जरा जळफळाट होईल. बोगद्यानंतर एकदम खोल दरी लागली. तळाशी नदी होती, तुमच्या पडद्यांच्या नाडीएवढी. पुढे पुलावर गाडी अशी वळली की आपलंच इंजिन आपल्याला खिडकीतून दिसलं. मग एक धबधबा आला, इतका जवळ की काचेवर पाणी उडालं. डब्यातली सगळी माणसं आपल्या खिडकीशी गोळा झाली. तुमच्या अंगावरून वाकून बघत होती आणि तुम्ही घोरत होतात. मला त्यांना सांगावं लागलं, की या बाईंना मी ओळखत नाही.

येताना मी उलटी बसले आणि डोळे मिटून घेतले ते थेट खाली पोचेपर्यंत. पोटात ढवळलं नाही. तुम्ही इतकं बोलत होतात की ढवळायला फुरसतच मिळाली नाही. प्रत्येक झाड सांगितलंत. धबधबा पुन्हा सांगितलात. कड्यावरच्या त्या दोन शेळ्या तर माझ्या डोळ्यांसमोर अजून उभ्या आहेत. आभार मानायचे राहिले होते, ते मानते.

मुलगी माझ्याकडेच राहील. कामाला जाते, जेवते, कमी बोलते. सकाळी तिच्या खोलीत ऊन थेट डोळ्यांवर येतं, म्हणून भिंतीकडे तोंड करून निजते. तिने परवा विचारलं, ‘आईंचं पत्र आलं का?’ आई म्हणजे तुम्ही. मी नाही म्हणाले.

सही काय करावी तेही कळत नाही.


१७ मे

मेट्रनबाई,

मायना कोरा कशाला ठेवायचा? तुमचं नाव मेट्रनबाई. ते तुमच्या लेकीनं दिलेलं नाही आणि माझ्या मुलानंही नाही, ते माझं मी ठेवलंय. त्यामुळे ते कुणाला परत घेता येणार नाही.

पत्र लिहिलं नाही कारण मला हिंमत होत नव्हती. तुम्ही लिहिलंत, मी गेले चार दिवस हवेत आहे.

आता कबुली. घोरले हे खरं. झोपले हे खोटं. माझ्या मुलाचा निरोपही सकाळीच आला होता, आणि मीही तुमच्यासाठीच गप्प होते. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक नाही. पण गाडीत बसल्यावर तुम्ही चष्मा पुसलात, मग परत पुसलात, आणि बोगद्यातून उजेडात आलो तेव्हा पाहिलं, तुमचे डोळे भरलेले. म्हटलं, हिलाही कळलंय. आणि समोर गुडघ्याला गुडघा लावून मी बसलेली. तुम्ही कुणाच्या देखत रडणाऱ्यातल्या नव्हेत, रडू गिळून पोट बिघडवणाऱ्यातल्या. म्हणून मी डोळे मिटले. नुसते मिटले तर तुमच्यातल्या नर्सला सोंग कळलं असतं, म्हणून घोरले. मग तुम्ही रडलात. मला सगळं ऐकू येत होतं. धबधबाही ऐकला. लोक अंगावर वाकले तेव्हा डोळे जरा किलकिले करून बघावं असं फार वाटलं, पण नेमका तेव्हाच तुम्हाला हुंदका आला. इतकी वर्षं धंदा तोच केलाय. पडदा कधी ओढायचा एवढं मला कळतं.

आणि येतानाचं विचाराल, तर शेळ्या नव्हत्या. काहीच नव्हतं. गाडी वरून निघाली आणि असं धुकं उतरलं की मला खिडकीची काचसुद्धा धड दिसेना. तुम्ही डोळे मिटून बसलेल्या, मी सांगेन म्हणून कबूल केलेलं. मग काय, झाडं लावली, शेळ्या सोडल्या, धबधबा ऐकला होता तो बघितल्यासारखा सांगितला. तेव्हा माझ्या हिशेबी तो डोंगर मी अजून पाहिलेलाच नाही. पाहिला तो तुमच्या पत्रात. नाडीएवढी नदी मला फार आवडली, ती ओळ मशिनवरच्या बायकांना वाचून दाखवली. पण नुसत्या वाचण्यावर भागायचं नाही. आपण परत जायचं. त्या खेपेला सरळ बाक माझं, आणि रडायचं असेल तर तुम्ही काचेच्या कारखान्यात जा.

पोरीला सांगा, रविवारी तिच्या खोलीचे पडदे घेऊन येते. फिक्या निळ्यावर शोभणारेच शिवलेत, तुमचं खोटंही कामाचं निघालं. सहा वर्षांत तुमच्या बाहेरच्या खोलीच्या पुढे मी आले नाही, त्यामुळे रुंदी अंदाजानं धरलीय आणि शिवण कच्ची ठेवलीय. तिथं बसून पक्की करीन. तिला म्हणावं, निजायचं तर खुशाल खिडकीकडे तोंड करून नीज.

तुम्ही बोलावलेलं नाही, हे माहीत आहे. बोलावणं विहिणीला लागतं. मला आता लागत नाही. घरात खांब असेल तर मात्र आधी कळवा.

पडदेवाली